जादा वसुलीचा आक्षेप कोण काढणार?

आयातदाराकडून सीमाशुल्क कमी घेतले गेले, तर सरकार त्या रकमेवर दरसाल १५ टक्के व्याज लावते. जास्त घेतले गेले, तर परत करताना ६ टक्के देते, आणि तेही परताव्याचा अर्ज हाती पडून तीन महिने उलटल्यावर मोजायला लागते. कमी घेतलेली रक्कम मागायला खात्याला साध्या चुकीच्या प्रकरणातही दोन वर्षे मिळतात; लबाडी किंवा लपवाछपवी असेल तर पाच. जास्त भरलेली रक्कम मागायला आयातदाराला मात्र एकच वर्ष. यात लपवलेले काही नाही. कायद्यात आणि अधिसूचनांत हे सगळे स्वच्छ छापलेले आहे.

पूर्वी तराजू असा कललेला नव्हता. १८७८च्या सागरी सीमाशुल्क कायद्यात खात्याच्या मागणीलाही तीन महिने होते आणि व्यापाऱ्याच्या परताव्यालाही तीनच. तो कायदा परक्या सरकारचा, महसूल ओरबाडायला बसलेल्यांचा. तरी मुदत दोघांना सारखी. १९६२ साली आपण आपला कायदा केला, तेव्हा व्यापारी मालासाठी दोन्हीकडे सहा-सहा महिने ठेवले. २०११-१२ मध्ये दोन्हीकडे एक-एक वर्ष झाले. २०१६ साली खात्याने आपली मुदत दुप्पट करून घेतली आणि समोरच्याची तिथेच राहिली. त्यावर फारशी ओरड झाल्याचे आठवत नाही. आयातदाराबद्दल कुणाला पान्हा फुटत नाही, हे त्यामागचे कारण असावे.

हा कल संसदेने दिलेला आहे, तेव्हा त्याचा वाद संसदेतच व्हावा. माझी तक्रार त्या कार्यालयाबद्दल आहे, ज्याला दोन्ही पारडी पाहण्याचा अधिकार आहे आणि जे एकच पारडे पाहते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘कॅग’. घटनेच्या १४८व्या कलमाने या पदाला भक्कम कवच दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायला जी प्रक्रिया लागते तीच इथे लागते, आणि पद सोडल्यावर सरकारात दुसरे पद घेता येत नाही. १९७१च्या कायद्याच्या १६व्या कलमाने महसुलाची तपासणीही त्यांच्याकडे दिली. आकारणी, वसुली आणि जमेची योग्य वाटणी यांवर परिणामकारक अंकुश राहील असे नियम आहेत का आणि ते पाळले जातात का, हे पाहणे त्यांचे काम. फक्त कमी आकारणी शोधा, असे कलम कुठेही म्हणत नाही. घटनेचे २६५वे कलम तर आणखी स्पष्ट आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही आणि गोळाही करता येणार नाही. म्हणजे चुकीने जास्त घेतलेला रुपया संचित निधीत बेकायदा जमा आहे. ज्याने घटनेची शपथ घेऊन त्या निधीचा हिशेब तपासायचा, त्याला हा रुपया का खटकू नये?

प्रत्यक्षात तो खटकत नाही. कॅगचे सीमाशुल्कावरचे अहवाल चाळले, तर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाची चाल एकच दिसते. चुकीच्या वर्गीकरणामुळे शुल्क कमी बसले, सवलत अपात्र मालाला दिली, निर्यातीची अट पुरी झाली नाही तरी शुल्क वसूल केले नाही. दोन लाख कोटींहून अधिक वार्षिक जमा असलेल्या खात्यात जास्त आकारणीची चूक कधी होतच नाही, असे त्यावरून मानायचे का?

आक्षेप कसा जन्मतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. कस्टम हाउसात कॅगच्या पथकाला ‘सीआरए’ म्हणतात. पथक येते, बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातदाराने मालाबद्दल भरलेल्या जाहीरपत्रांचा, गठ्ठा किंवा हल्ली संगणकातला डेटा मागवते, आणि शंका आली की ‘हाफ मार्जिन’ देते. कागदाला उभी घडी घालून अर्ध्या भागात शंका लिहायची आणि उरलेला अर्धा खात्याच्या उत्तरासाठी कोरा सोडायचा, अशी ही जुनी रीत. आता घडी गेली आणि टायपिंग आले, पण नाव टिकले. उत्तराने समाधान झाले तर विषय तिथेच मिटतो. नाही झाले तर शंका स्थानिक तपासणी अहवालात जाते, मग वस्तुस्थितीचे टिपण, मग ‘ड्राफ्ट पॅरा’, आणि दम असेल तर संसदेपुढचा छापील अहवाल. तिथून लोकलेखा समिती. १९६७ साली मिनू मसानी अध्यक्ष झाले, तेव्हापासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे आणि तो चांगलाच आहे. पण पायऱ्या चढता चढता एक गोष्ट होते. पहिल्या पायरीवर जी शंका होती, ती वरच्या पायरीवर रक्कम होते. ‘अमुक कोटींचा महसूल बुडाला’ असे वाक्य तयार होते, आणि मग त्या वाक्याला मागे वळता येत नाही.

सुपारीचे उदाहरण घेऊ. श्रीवर्धनच्या रोठ्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मालाबद्दल वेगळे सांगायला नको. बाहेरच्या स्वस्त सुपारीपासून इथल्या बागायतदाराला वाचवण्यासाठी सरकारने किमान आयात किंमत ठरवली: २०१७ मध्ये किलोला २५१ रुपये, २०२३ मध्ये ३५१. त्याखाली माल आणता येत नाही. पण ही अट शुल्कसूचीच्या आठव्या प्रकरणातल्या सुपारीला आहे, जिथे फळे आणि कवचफळे बसतात. एकविसाव्या प्रकरणात, संकीर्ण खाद्यपदार्थांत, ‘सुपारी म्हणून ओळखला जाणारा पदार्थ’ असा आणखी एक रकाना आहे, आणि तो चुना, कात, तंबाखू नसलेल्या तयार मालासाठी आहे. आता उकडलेली, वाळवलेली, थोडेफार काही लावलेली अख्खी सुपारी कुठल्या रकान्यात टाकायची? उकडल्याने ती फळ राहत नाही का? न्हावा शेव्याला कंटेनर उभा आहे, त्याचे भाडे तासागणिक चढते आहे, आणि हा प्रश्न एका ॲप्रेझरपुढे स्क्रीनवर आलेला आहे. यावर प्राधिकरणे आणि न्यायालये यांच्यापुढे वर्षानुवर्षे खरोखरचे वाद झाले, आणि काही निर्णय आयातदारांच्या बाजूनेही गेले. मुद्दा असा की प्रामाणिक माणसाला यात दोन मते दिसू शकतात.

त्या ॲप्रेझरच्या खुर्चीत बसून विचार करा. मालाला हलका रकाना दिला आणि सीआरएला तो पटला नाही, तर हाफ मार्जिन येईल, उत्तरे लिहावी लागतील, रक्कम त्याच्या नावापुढे चिकटेल, आणि दैव फिरले तर दक्षता विभाग विचारायला येईल. जड रकाना दिला आणि तो चुकीचा ठरला, तर आयातदार अपिलात जाईल, वर्षे निघतील, निकाल लागेपर्यंत याची दोनदा बदली झालेली असेल, आणि चुकीबद्दल त्याला कुणीही काही विचारणार नाही. शहाणा माणूस काय करील? जड रकाना देईल. हा अधिकारी भ्रष्टही नाही आणि दुष्टही नाही. त्याच्यापुढे मांडलेल्या हिशेबातून जे निघते तेच तो करतो.

त्याचे दुसरे रूप किमतीच्या बाबतीत दिसते. जाहीर केलेली किंमत पटली नाही, तर कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने शंकेची कारणे द्यायची, आयातदाराचे म्हणणे ऐकायचे आणि पंधरा दिवसांत सकारण आदेश द्यायचा. हे कष्टाचे काम. त्यापेक्षा आयातदाराकडून ‘वाढीव किंमत मान्य आहे’ असे लेखी घेतले की आदेशही नको आणि अपिलाची भानगडही नको. २०१९ मध्ये सेंच्युरी मेटल रिसायकलिंगच्या खटल्यात ॲल्युमिनियमच्या भंगाराबद्दल नेमके हेच सर्वोच्च न्यायालयापुढे आले. माल अडकून पडू नये म्हणून आयातदाराने अशी पत्रे दिली होती. ठोस कारण न देता जाहीर किंमत फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मला या प्रकरणात एक बारीक गोष्ट लागते. ती पत्रे फाइलमध्येच होती. ज्या फाइलमध्ये आयातदार सकारण आदेशाचा हक्क सोडून देतो आणि तेही माल अडलेला असताना, ती फाइल तपासणीसाच्या नजरेत सर्वांत आधी भरायला हवी. त्याऐवजी ती सर्वांत निर्धोक समजली जाते. शुल्क जास्तच आले आहे ना, मग पुढची काढा.

आणखी एक प्रकार तर थेट लेखापरीक्षणाच्या पोटातूनच निघतो. सीआरएने आक्षेप घेतला, खात्याला तो पटला नाही. खात्याने लेखी कळवलेही की आमची आकारणी बरोबर आहे. तरीही मुदत टळू नये म्हणून त्याच आयातदाराला कारणे दाखवा नोटीस जाते. तिला ‘प्रोटेक्टिव्ह’ नोटीस म्हणतात. ज्या मागणीवर खुद्द मागणाऱ्याचा विश्वास नाही, ती मागणी मग कपाटात, म्हणजे ‘कॉल बुकात’, पडून राहते. उत्पादनशुल्काच्या १९९५च्या परिपत्रकात कॉल बुकात टाकायच्या प्रकरणांचे चार वर्ग दिले होते, त्यांतला एक नेमका हा: लेखापरीक्षणाचा आक्षेप खात्याने अमान्य केलेला. आयातदाराला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या ताळेबंदात एक टांगती रक्कम दिसत राहते, बँकवाला विचारत राहतो. दहा-दहा वर्षांनी कपाट उघडून सुनावणीची तारीख आली, अशा अनेक नोटिसा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केल्या आहेत, कारण फाइल कॉल बुकात टाकल्याचे पक्षकाराला कधी कळवलेच नव्हते. तोवर त्याचा हिशेबनीस निवृत्त झालेला, कागद पुराच्या पाण्यात गेलेले. सीमाशुल्कापुरती २०१८ मध्ये कायद्याने मुदत घातली: ठरल्या वेळेत निकाल नाही लागला तर नोटीस गैरलागू. चांगले झाले. पण त्याच दुरुस्तीत, खात्याच्या वरच्या केंद्रीय मंडळाने तसा आदेश दिला तर हे घड्याळ थांबवायची सोयही ठेवली आहे.

यात मूळ घोटाळा भूमिकांचा आहे. १९७९ साली इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटीच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की कायद्याच्या अर्थाबद्दल लेखापरीक्षकाचे मत हे कायद्याचे ज्ञान नव्हे. लेखापरीक्षकाने एखाद्या तरतुदीकडे लक्ष वेधावे, पण अर्थ लावायचा तो आकारणी अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने. पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. निकाल पाठ आहे, पण वागणे उलट आहे. आक्षेप आला की खात्यात त्याचे उत्तर शोधण्याऐवजी त्याच्यापासून बचाव शोधला जातो, आणि बचावाचा खर्च तिसऱ्याच्या माथी मारला जातो.

इथे कुणीही विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की आयातदाराची एवढी कड कशाला? त्याच्यामागे वकील आहेत, सल्लागार आहेत, न्यायाधिकरण आहे. जास्त घेतले तर तो ओरडेल. कमी घेतले तर ओरडायला कुणी नाही. सुपारी हलक्या रकान्यातून निसटली तर श्रीवर्धनच्या किंवा सागर-शिमोग्याच्या बागायतदाराला ते कळणारही नाही. त्याला फक्त पुढच्या हंगामात भाव पडलेला दिसेल. म्हणून त्याच्या वतीने कॅग पाहतो, आणि एकाच बाजूने पाहतो तेच योग्य.

हा युक्तिवाद वजनदार आहे आणि अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याला माफतलालचा निकाल आडवा येतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की जास्त भरलेल्या कराचा बोजा व्यापाऱ्याने गिऱ्हाइकावर टाकला असेल, तर परतावा व्यापाऱ्याला मिळणार नाही. मिळाला तर ते अन्यायाने श्रीमंत होणे ठरेल. ती रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखे आहे. पण परिणाम पाहा. बहुतेक शुल्क किमतीत मिसळून पुढे जाते, म्हणून आयातदाराला भांडण्यात फारसा रस उरत नाही; भांडला तरी पैसे हाती यायचे नाहीत. आणि ज्याच्या खिशातून ते खरोखर गेले, त्या गिऱ्हाइकाला कुठल्याच दारात उभे राहता येत नाही. बिल ऑफ एंट्री त्याने पाहिलेले नसते. म्हणजे ‘जास्त घेतले तर कुणीतरी ओरडेल’ हे गृहीतच लटके आहे. बागायतदार जितका मुका, तितकाच हा गिऱ्हाईकही मुका. मुक्याच्या वतीने पाहायचे असेल तर दोघांच्याही वतीने पाहावे लागेल.

लेखापरीक्षण ढिले करा, असे मी मुळीच म्हणत नाही. हिशेबाच्या, म्हणजे रोकड आणि जमेच्या, तपासणीत ढिलाईने काय होते हे जगाने पाहिले आहे. सॅम्युअल स्वॉर्टवाउट याला अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ साली न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर नेमला. १८३८ साली तो इंग्लंडला निघून गेला, तेव्हा सव्वाबारा लाख डॉलरची तूट निघाली. आयातदारांनी जास्त आकारणीविरुद्ध दावे लावले आहेत, ते हरलो तर परत द्यायला हवेत म्हणून पैसे हाताशी ठेवतो, ही त्याची सबब. आणि ते पैसे त्याच्या स्वतःच्या सट्ट्यात गेले. अमेरिकी कायद्याने कलेक्टरच्या शेजारीच ‘नेव्हल ऑफिसर’ बसवला होता, त्याने तीच नोंद वेगळ्या वहीत ठेवून ताळा घालायचा. वॉशिंग्टनला अर्थखात्याचा पहिला ऑडिटर होता. काँग्रेसच्या समितीने दोघांनाही कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरले. पद होते, वह्याही होत्या. ताळा घातला गेला नाही.

पेशवाईत हीच अडचण आपल्या रीतीने सोडवली होती. मामलेदार किंवा कमाविसदार याच्याजवळ फडणीस, मजुमदार, दप्तरदार असे दरकदार असत. त्यांची पदे वंशपरंपरेची. कमाविसदाराला त्यांना काढता येत नसे आणि त्यांच्या सही-शिक्क्याशिवाय त्याचा हिशेब हुजुरात चालत नसे. ज्याची तपासणी करायची त्याच्या हातात तपासणाऱ्याची भाकरी नसावी, हे त्यांना पक्के कळले होते. १४८व्या कलमातही तीच गोष्ट आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. हे स्वातंत्र्य मिळाल्यावर नजर कुठे वळवायची, हे ठरवायला कुणीही अडवत नाही.

आणि आता ती वळवायची वेळही आहे, कारण आकारणीची जागाच बदलली. २००५ पासून जोखीम व्यवस्थापन प्रणाली आली: कुठले बिल तपासायचे, कुठले तसेच सोडायचे, हे संगणकातले नियम ठरवतात. २०११च्या एप्रिलपासून आयातदार स्वतःच आकारणी करतो. २०२० मध्ये ‘फेसलेस’ पद्धत आली. मुंबईला उतरलेल्या मालाचे बिल चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी पाहू शकतो. माल गेल्यावर खात्याचे स्वतःचे लेखापरीक्षण आहे, त्यासाठी २०१८ मध्ये कायद्यात ९९अ हे कलम घातले. महसूल गुप्तचर संचालनालय वेगळेच. एवढे डोळे झाल्यावर कॅगच्या पथकाने पुन्हा एकेक बिल उचलून आठ आकडी कोडावर वाद घालण्यात किती अर्थ उरला? एका बिलातली चूक एकदाच होते. संगणकातल्या नियमातली चूक हजारो बिलांतून वाहते, आणि ती दोन्ही दिशांना वाहू शकते. अधिसूचना बदलली पण प्रणालीत जुनाच दर राहिला, तर कमीही कापले जाते आणि जास्तही. कमीचा शोध लावणारी चौकशी थोडी उलटी फिरवली की जास्तीचा शोध लागतो. डेटा तोच, माणसेही तीच.

नवी घटनादुरुस्ती नको, नवा कायदाही नको. परतावे किती दिवस अडले आणि का अडले, कारणे न देता किती जाहीर किमती फेटाळल्या, खात्याने स्वतः अमान्य केलेल्या आक्षेपांवर किती नोटिसा काढल्या आणि त्यांतल्या किती शेवटी टिकल्या, अपिलात हरलेल्या मागण्यांपैकी किती लेखापरीक्षणातून निघाल्या होत्या, हे आकडे अहवालात यावेत. शेवटचा आकडा कॅगला स्वतःलाच अडचणीचा होईल. म्हणून तो आधी छापावा. आणि यासाठी दूरदेशीचा आदर्श शोधायचीही गरज नाही. कॅगच्याच प्रत्यक्ष करांवरच्या अहवालांत, आयकर खात्याच्या चुकांच्या वर्गवारीत, जादा आकारलेला कर आणि जादा आकारलेले व्याज असा एक वर्ग वर्षानुवर्षे असतो. त्याच संस्थेत, त्याच कायद्याच्या त्याच कलमाखाली, शेजारच्या विभागात हे चालते. सीमाशुल्काच्या तक्त्यात तेवढी एक ओळ घालायला कुणाच्या परवानगीची वाट पाहिली जात आहे, हे लोकलेखा समितीने कॅगला एकदा विचारायला हरकत नाही.